घाटात बस कोसळली तर रक्तपेढीची तयारी कशी हवी?

घाटाच्या पायथ्याशी दोनशे खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलंय: रात्री बस दरीत गेली आणि तासाभरात चाळीस जखमी दारात आले, तर रक्ताचं नियोजन कसं करायचं? त्यांच्या रक्तपेढीत एरवी साठ-सत्तर पिशव्या असतात, त्यात ओ निगेटिव्ह दोन-तीनच. आपत्तीसाठी वेगळा साठा ठेवा, अशी सूचना वरून आली आहे. त्यांचे दोन नेमके प्रश्न असे: ओ निगेटिव्हच्या वीस पिशव्या कायम बाजूला ठेवाव्यात का? आणि कमी पडलं तर त्याच रात्री शिबीर लावून भागेल का?

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. मी आयुष्यभर रक्तपेढीतच काम केलं, म्हणून कारणांसकट सांगतो.

आधी शिबिराचं बोलू, कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. दात्याच्या हातातून पिशवी भरायला दहा मिनिटं लागतात, पण ती रुग्णाला देण्याजोगी व्हायला कित्येक तास लागतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया या पाचही चाचण्या झाल्याशिवाय पिशवी फ्रिजच्या 'तयार' कप्प्यात जात नाही, आणि जाऊही नये. तांबड्या पेशी, प्लाझ्मा असे घटक वेगळे करायचे असतील तर आणखी वेळ. म्हणजे रात्री नऊला घेतलेलं रक्त व्यवहारात दुसऱ्या दिवशीच उपयोगी पडतं. रक्तस्रावाने मरणारा जखमी मात्र पहिल्या काही तासांतच मरतो. त्याला वाचवणारं रक्त अपघाताच्या आधी कुणीतरी कधीतरी दिलेलं असतं आणि ते तुमच्या फ्रिजमध्ये असावं लागतं. आपत्तीच्या रात्री शिबीर लावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

याचं सर्वात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तिथे काही आठवड्यांत नेहमीपेक्षा सुमारे पाच लाख पिशव्या जास्त जमल्या. हल्ल्यातल्या जखमींना प्रत्यक्षात लागल्या २६० पेक्षाही कमी. उरलेल्यांपैकी फार मोठा भाग मुदत संपून टाकून द्यावा लागला. दात्यांची कळकळ खरी होती, पण मोजणारं आणि थांबवणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे हे चित्र अधिक अवघड होऊ शकतं. एकदा रक्त दिलं की पुरुषाला ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. एका संध्याकाळी गावातल्या तीनशे जणांचं रक्त घेतलंत, तर त्या सगळ्या पिशव्या एकाच आठवड्यात मुदतबाह्य होतील आणि पुढचे तीन महिने ते तीनशे दाते तुमच्या हातात नसतील. त्यात मे महिना आला, कॉलेजं बंद झाली, की बाळंतपणातल्या रक्तस्रावाला पिशवी मिळणार नाही.

आता किती रक्त लागेल त्याकडे वळू. इथे पहिली चूक होते ती मृतांचा आकडा ऐकून अंदाज बांधण्याची. मृतांच्या संख्येचा आणि रक्ताच्या गरजेचा थेट संबंध नसतो. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली, पण ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली अगदी मोजकी होती. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तिथे छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो, रक्तस्राव हे मुख्य कारण नसतं. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि २५ जणांचा जळून मृत्यू झाला. अशा घटनेत वाचलेल्या भाजलेल्या रुग्णाला पहिल्या तासात सलाइन हवं असतं, रक्ताची गरज पुढच्या शस्त्रक्रियांच्या वेळी येते. याउलट ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि सातशेहून अधिक जखमी केईएम, सायन, कूपर, भाभा अशा रुग्णालयांत विखुरले. स्फोटात हातपाय तुटतात, तुकडे पोटात-छातीत घुसतात, आणि रक्ताची मागणी एकदम उसळते. दरीत गेलेली बस या दोन टोकांच्या मध्ये येते. तिच्यात ओटीपोटाचं हाड, मांडीचं हाड, प्लीहा आणि यकृत यांना मार लागतो. यातला प्रत्येक बाहेरून फारसं न दिसणारा, पण आत भरपूर रक्त सांडणारा असतो.

म्हणून कॅज्युअल्टीला फोन करताना "किती गेले?" असं न विचारता "लाल पट्टीचे, म्हणजे जीव धोक्यात असलेले किती, आणि त्यातले ऑपरेशन थिएटरला किती जाणार?" असं विचारायचं. अमेरिकन रक्तपेढ्यांच्या संघटनेच्या आपत्ती-पुस्तिकेत एक साधं सूत्र आहे: दाखल होणाऱ्या दर जखमीमागे ओ गटाच्या तांबड्या पेशींच्या तीन पिशव्या. लक्षात घ्या, दारात आलेल्या दर माणसामागे नव्हे, दाखल झालेल्या दर माणसामागे. तुमच्या चाळीसपैकी पंचवीस जण खरचटणं, मनगट मोडणं, टाके एवढ्यावर घरी जातील असं धरलं, तर दाखल पंधरा, म्हणजे पंचेचाळीस पिशव्या. हा आकडा सरासरीचा आहे, आणि ती सगळ्यांत समान वाटली जात नाही. बाल्टिमोरच्या मोठ्या ट्रॉमा केंद्राचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. तिथे दाखल झालेल्या शंभर जखमींपैकी जेमतेम आठ जणांना रक्त लागलं आणि त्यातल्या सुमारे तिघांनी एकूण रक्तापैकी सत्तर टक्के वापरलं. तुमच्याकडेही तसंच होईल. पंधरापैकी बहुतेकांना एखादी पिशवी किंवा तीही लागणार नाही आणि दोघं-तिघं प्रत्येकी दहा-पंधरा घेतील. ते दोघं-तिघं कोण, हे पहिल्या वीस मिनिटांत ओळखणं हेच खरं नियोजन.

साठ-सत्तरच्या फ्रिजमधून पंचेचाळीस निघतील का? सगळ्या ओच्या नाही, पण सगळ्या गटांच्या मिळून निघू शकतात, आणि त्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. तुमच्या साठ पिशव्यांपैकी पंधरा-वीस तरी उद्याच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांसाठी क्रॉसमॅच करून, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळतात का ते तपासून, नावावर बांधून ठेवलेल्या असतात. हर्निया, गर्भाशय काढणं, गुडघा. त्यातल्या बहुतेक वापरल्याच जात नाहीत आणि दोन-तीन दिवसांनी परत साठ्यात येतात. आपत्ती जाहीर झाली की त्या क्षणी सगळ्या नावावरच्या पिशव्या सोडवायच्या आणि उद्याची यादी रद्द करायची. हा अधिकार रात्रपाळीच्या टेक्निशियनला लेखी दिलेला असला पाहिजे. नाहीतर तो बिचारा सर्जनांना फोन लावत बसतो आणि सर्जन तेव्हा थिएटरमध्ये असतात.

वेगळा 'आपत्ती साठा' करून कुलपात ठेवू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. पिशवीवर तारीख असते: सीपीडीए हे रक्त टिकवणारं द्रावण असलेल्या साध्या पिशवीला ३५ दिवस, एसएजीएम हे द्रावण घातलेल्या तांबड्या पेशींना ४२ दिवस. वेगळं ठेवलं की ते विसरलं जातं आणि मग मुदत संपल्यावर सापडतं. त्याऐवजी एकच साठा ठेवा आणि त्याला तळरेषा आखा. ओ पॉझिटिव्हच्या समजा पंधरा, बीच्या दहा, एच्या आठ पिशव्या. साठा त्या रेषेवर आला की ठरलेल्या शस्त्रक्रियांना रक्त द्यायचं थांबायचं, आणि फक्त तातडीच्या रुग्णांना द्यायचं. पिशव्या रोज फिरत राहतात, जुनी आधी जाते, तळ मात्र रिकामा होत नाही. रेषा कुठे आखायची ते तुमचा रोजचा खप पाहून ठरवा, माझे आकडे डोळे झाकून घेऊ नका. पण रेषा फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून लिहा, म्हणजे सगळ्यांना दिसेल. आपल्याकडे २६ जानेवारी, शिवजयंती, १ मे, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची झुंबड उडते आणि मे आणि दिवाळीत ओढाताण होते. मंडळांना, कॉलेजांच्या एनएसएसला वर्षाचं वेळापत्रक आधी वाटून दिलंत, तर तळरेषा राखायला तुम्हाला आपत्तीची वाट पाहावी लागणार नाही.

आता ओ निगेटिव्ह. आपल्या लोकसंख्येत ओ निगेटिव्ह माणसं शंभरात दोनच्या आसपास. वीस पिशव्या कायम ठेवायच्या म्हटलं तर तुम्ही तालुक्यातल्या सगळ्या दात्यांना कोरडं कराल आणि निम्म्या पिशव्या वाया घालवाल. गट माहीत नसलेल्या पुरुषाला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रीला ओ पॉझिटिव्ह तांबड्या पेशी देणं हा जगभरचा मान्य शिरस्ता आहे. तिथे आरएच, म्हणजे गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणाऱ्या घटकामुळे, पुढे अँटिबॉडी बनण्याचा धोका असतो, पण त्या रात्री जिवाला धोका नसतो. मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया यांच्यासाठी ओ निगेटिव्ह राखून ठेवा. त्यांच्यातल्या निगेटिव्ह स्त्रीच्या पुढच्या बाळाला त्या अँटिबॉडीमुळे धोका होऊ शकतो, हे त्याचं कारण. त्या पिशव्याही संपल्या आणि रक्ताविना बाई जाणार असेल, तर ओ पॉझिटिव्ह द्या आणि आरएचचा प्रश्न नंतर सोडवा. हा निर्णय शिकाऊ डॉक्टरच्या अंगावर ढकलू नका, तो आधीच लेखी करून ठेवा.

तुमच्याकडे घटक वेगळे करण्याची सोय नसेल आणि फक्त होल ब्लड, म्हणजे घटक न काढलेलं संपूर्ण रक्त असेल, तर एक सावधगिरी. ओ गटाच्या संपूर्ण रक्तातल्या प्लाझ्मामध्ये ए आणि बी विरुद्धच्या अँटिबॉडी असतात. त्यामुळे 'ओ सगळ्यांना चालतो' हे तांबड्या पेशींबद्दल खरं आहे, होल ब्लडबद्दल सरसकट नाही. होल ब्लड असेल तर रुग्णाच्याच गटाचं द्या. रक्तस्रावात होल ब्लड कमी प्रतीचं नसतं, उलट त्यात प्लाझ्माही असतो. गट काढायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ थांबण्याजोगे बहुतेक जखमी असतातच. त्वरित फिरवून केलेली छोटी क्रॉसमॅच आणखी दहा मिनिटांत होते, पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण तास. तांबड्या पेशी असतील तर पहिल्या दोन पिशव्या ओच्या, मग रुग्णाच्या गटाची, मग क्रॉसमॅचची, असा उतरता क्रम ठेवलात की ओ गटाचा साठा तुटत नाही.

गट न बघता ओ दिलं तरी क्रॉसमॅच मागे चालूच ठेवायची. ते का? मुंबईतल्या केईएममध्ये १९५२ साली डॉ. भेंडे यांनी ज्या गटाची नोंद केली, तो 'बॉम्बे' गट आपल्या मुलखात दहा हजारांत एखाद्याला असतो. त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही. शक्यता अगदी थोडी, पण तिकडे ट्यूबमध्ये गुठळ्या दिसल्या तर टेक्निशियनने थिएटरला लगेच फोन करून पिशवी थांबवायला सांगितली पाहिजे, म्हणून क्रॉसमॅचचं काम थांबवायचं नाही.

पिशव्या असूनही माणूस का जातो, ते आता सांगतो. माझ्या अनुभवात गर्दीच्या रात्री सगळ्यात मोठा धोका कमी रक्ताचा नसून चुकीच्या रक्ताचा असतो. कॅज्युअल्टीत एकाच वेळी सहा बेशुद्ध माणसं. सगळ्यांच्या केसपेपरवर 'अनोळखी पुरुष'. सिस्टर दोन नमुने एकाच ट्रेमध्ये ठेवते, वॉर्डबॉय मामा ते एकदम घेऊन रक्तपेढीच्या खिडकीवर येतात, आणि लेबलवर नुसतं 'अनोळखी, पुरुष, अंदाजे ३५'. एचा नमुना बीच्या नावावर गेला की पुढचं रक्त विष होतं. यावर उपाय स्वस्त आहे, पण आधी करून ठेवावा लागतो. पन्नास प्लास्टिकच्या पाकिटांत पन्नास संच करा. प्रत्येकात एकच क्रमांक छापलेली मनगटपट्टी, केसपेपर, रक्ताच्या नमुन्याच्या दोन नळ्या, रक्ताच्या मागणीचे दोन फॉर्म आणि त्याच क्रमांकाची दहा चिकट लेबलं. जखमी दारात आला की पट्टी मनगटाला, आणि त्या माणसाचं नाव उद्या कळलं तरी डिस्चार्जपर्यंत तोच क्रमांक. नळीवर लेबल खाटेजवळ, त्याच माणसाच्या हाताकडे बघत लावायचं, टेबलावर जाऊन नाही. ओ वरून गटाच्या रक्ताकडे वळताना दुसरा, वेगळ्या हाताने काढलेला नमुना तपासायचा. पिशवी टोचण्याआधी दोघांनी पट्टी आणि पिशवीवरचा क्रमांक मोठ्याने वाचायचा. हे पाकीट कॅज्युअल्टीच्या कपाटात असतं का, आणि रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरला ते कुठे आहे हे माहीत आहे का, हे तुम्ही आज जाऊन बघा.

दुसरी अडचण असते प्लाझ्माची. एफएफपी, म्हणजे ताजा असताना गोठवलेला प्लाझ्मा, ३७ अंशांच्या पाण्यात तो वितळायला अर्धा तास जातो आणि तुमच्या वॉटरबाथमध्ये एका वेळी चारच पिशव्या बसतात. म्हणजे मागणी येईपर्यंत थांबलात तर तासाला आठच निघतील. मोठ्या रक्तस्रावाचे दोन जखमी आहेत हे कळताच, मागणीपत्र यायची वाट न बघता, पहिल्या चार पिशव्या पाण्यात सोडा. वितळलेला प्लाझ्मा परत गोठवता येत नाही हे खरं, पण अशा वेळी दोन पिशव्या वाया गेल्या तर मी त्याचा हिशेब मागणार नाही. प्लेटलेटची मुदत पाच दिवसांची, त्या लहान रुग्णालयात नसतातच, त्यासाठी शेजारच्या मोठ्या केंद्राशी बोलून ठेवा.

रक्त वाचवण्याचा सर्वात परिणामकारक मार्ग रक्तपेढीबाहेर आहे. ते म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध. वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ अभ्यासाने आणि त्याच्या पुढच्या विश्लेषणाने दाखवलं की जखमेनंतर तीन तासांच्या आत एक ग्रॅम आणि मग आठ तासांत आणखी एक ग्रॅम दिल्यास मृत्यू कमी होतात, तीन तासांनंतर सुरू केलं तर मात्र उलट नुकसान होऊ शकतं. औषध स्वस्त आहे, १०८ च्या गाडीतच सुरू करता येतं. त्याबरोबर फुटलेल्या पायाला दाबपट्टी, ओटीपोटाला चादर आवळून बांधणं, माणसाला ऊबदार ठेवणं, आणि अनेक पिशव्या दिल्या की कॅल्शियम, कारण रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम खाऊन टाकतं. या चार गोष्टी केल्या तर रक्तपेढीवरची मागणी डोळ्यांदेखत उतरते.

माणसांचं नियोजन करताना रस्ता बंद आहे असं गृहीत धरा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत कुणी कुणाकडे पोचू शकलं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तर अतिरेकी कामा रुग्णालयातच शिरले. म्हणजे दवाखाना स्वतः संकटात असू शकतो. तुमच्याकडे पावसाळ्यात दरड येते, घाट बंद होतो. अशा वेळी टेक्निशियन घाटाच्या त्या बाजूला राहणारा असेल तर तो तुमच्या उपयोगाचा नाही. दवाखान्यापासून चालत येता येईल अशा किमान दोन टेक्निशियनची आणि एका डॉक्टरची नावं फोनसकट लिहून ठेवा. जनरेटरवर फ्रिज आणि डीप फ्रीझर दोन्ही चालतात का, ते खरंच वीज बंद करून एकदा बघा. शेजारच्या दोन रक्तपेढ्यांशी कागदावर बोलणी करा: एका दिशेची घाटापलीकडची, एका दिशेची अलीकडची. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर साठा दिसतो, पण त्या रात्री आकडा खरा आहे की नाही हे फोनवरच कळतं. कोल्ड बॉक्स घेऊन कोणती गाडी जाणार, तिचा चालक कोण, हेही आधीच ठरवा.

आणि एक माणूस पूर्णवेळ बाहेर हवा. घटना घडली की रक्तपेढीतल्या एकाने ओ पॉझिटिव्हच्या सहा पिशव्या बॉक्समध्ये घेऊन कॅज्युअल्टीत उभं राहायचं. उरलेल्या, तीस मिनिटांपेक्षा कमी वेळ बाहेर राहिलेल्या पिशव्या परत आणायच्या, दर अर्ध्या तासाला लाल रुग्णांची संख्या कळवायची आणि बाकी कुणालाही रक्तपेढीला थेट फोन करू द्यायचा नाही. एका दरवाजातून एकच मागणी आली की रक्तपेढीत शांतपणे काम होतं.

दाते येणारच, त्यांना धुडकावून लावू नका. व्हॉट्सअॅपवर 'ओ निगेटिव्ह तातडीने हवे' असे संदेश फिरतात, त्याआधी दवाखान्याच्या नावाने तुमचा एकच संदेश जायला हवा, आणि त्यात कोणत्या गटाचे किती, कोणत्या वेळी, कुठे हे लिहिलेलं असावं. ओ गटाच्या पंधरा-वीस जणांचं त्याच रात्री घ्या, चाचणीला तेवढंच झेपतं. बाकीच्यांचं नाव, गट आणि मोबाइल लिहून घ्या आणि पुढच्या दहा दिवसांतल्या वेगवेगळ्या तारखा द्या. गरज खरोखर तिथेच असते: जखमा साफ करायच्या, मोडलेली हाडं बसवायची, दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रिया करायच्या. त्यात तळरेषेपर्यंत साठाही परत भरायचा असतो. ज्याला बुधवारी बोलावलं त्याला मंगळवारी आठवणीचा फोन करा, बहुतेक जण येतात.

शेवटी सराव. वर्षातून दोनदा, त्यातला एक रविवारी रात्री, कुणाला आधी न सांगता करा. मोजायची गोष्ट एकच: घोषणा झाल्यापासून पहिली ओ पिशवी खाटेजवळ पोचेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि तिच्यावरचा क्रमांक मनगटपट्टीशी जुळला का.